कोंबड्यांच्या खुराड्याचं दार

अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावी पाहुणे आले की लोक त्यांना स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवतात. आमचे शेजारी मेस्त्रीकाका लॉण्ड्री दाखवतात.

लॉण्ड्री साधी नव्हे. साठेक वर्षांपूर्वी क्वीन्समध्ये जागतिक प्रदर्शन भरलं होतं. ते संपल्यावर मंडप मोडून विकले, आणि त्यातलं एक छप्पर या लॉण्ड्रीवर बसलं, असा काकांचा शोध. माझ्या सासूबाईंना त्यांनी दोन तास ड्राइव्ह करून तिथे नेलं, आत बसवलं आणि वर बघायला लावलं. सासूबाईंनी वर बघितलं. मग फिरणाऱ्या टॉवेलांकडे बघितलं.

"पुण्यात जाऊन काय सांगू? अमेरिकेत वॉशिंग मशीन बघितलं?"

काका मूळचे सावंतवाडीचे. औषधांच्या कंपनीतून रिटायर झालेले, अविवाहित. रंगात आले की मालवणीवर घसरायचे. "बाजार उठलो, पण सामान खंय गेलां?" हा त्यांचा आवडता प्रश्न. उत्तरंही त्यांच्याकडेच असत. कारंज्याचे दिवे एका मोटेलच्या पार्किंगमध्ये. आकाशपाळण्यातली एक खुर्ची कुणा डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये. माझी मुलगी विचारायची, "बाबा, इज इट काकाज् गार्बेज टूर अगेन?" काकांना ते ऐकू जायचं. ते म्हणायचे, "येस बेटा, सीट बेल्ट लाव."

गेल्या ऑक्टोबरात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गाडी चालवायला बंदी आली. त्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावरून त्यांच्या चौकशीला ईमेलने उत्तर आलं: आपल्या देशाच्या मंडपाचं एक लाकडी दार तिथे आहे. काका सकाळी सात वाजता माझ्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, टाय.

"काका, दार बघायला टाय?"

"तू गाडी काढ रे."

वाटभर त्यांनी टायची गाठ तीनदा सोडून बांधली.

शेताची मालकीण ऐंशीच्या घरातली. तिच्या नवऱ्याने ते दार लाकडाच्या भावात आणलं होतं. ती आम्हाला थेट कोंबड्यांच्या खुराड्याकडे घेऊन गेली. कमळांच्या नक्षीचं सागवानी दार, खाली कोंबड्यांना ये-जा करायला कापलेलं भोक. मला हसू आवरेना. काका मात्र टायसकट त्या घाणीत गुडघ्यांवर बसले आणि चौकटीच्या सांध्यावरून बोट फिरवू लागले.

"खिळो नाय," ते पुटपुटले. मग तिला इंग्रजीत विचारलं, "तुमच्या मिस्टरांनी तिथल्या सुतारांबद्दल कधी काही सांगितलं होतं का?"

"नाही. का हो?"

"त्यांच्यात माझे वडील होते."

मला हे नवीन होतं. मंडप उभारायला तिकडून अकरा सुतार आले होते. प्रदर्शन संपलं, दहा परतले. वडिलांची पत्रं तेवढी काही महिने येत राहिली, मग तीही थांबली. काका तेव्हा सहा वर्षांचे.

"कंपनीने अमेरिकेला कोण जातंय विचारलं, तेव्हा मी पहिला हात वर केला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आई शेवटपर्यंत कुंकू लावत होती. पुसायचं तर तसं काही कळायला हवं ना?"

"हे दार त्यांनीच केलंय?" मी विचारलं.

"अकरांतल्या कुणीही केलं असेल."

म्हातारीने हाताने दारावरची धूळ झटकली. मग म्हणाली, "तुम्ही घेऊन जा. मी खुराड्याला दुसरं लावेन."

मी गाडीची मागची सीट आडवी करायला धावलोसुद्धा. काकांनी हाताने थांबवलं. भोकातून एक कोंबडी मान बाहेर काढून त्यांच्या टायकडे बघत होती.

"नको. थंडी तोंडावर आहे. यांना उघड्यावर कशाला ठेवायचं?"

दाराची वरची बिजागरी सैल झाली होती. काकांनी तिच्याकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, ती घट्ट केली, दोनदा दार उघडून-मिटून बघितलं. मग खालची केली. ती सैल नव्हतीच.

निघताना म्हातारी म्हणाली, "छान काम केलंत. नाव काय तुमचं?"

काकांनी वडिलांचं नाव सांगितलं.