घरबसल्या नोकरीचं पान

शमुवेल सर छातीवर हात मारून म्हणाले, "जूनमध्ये नगरला इंटरनेटची पदवी सुरू करतो की नाही बघा! पुण्याच्या आधी!"

साल अठ्ठ्याण्णव. सरांनी इंटरनेट पाहिलं होतं एकदाच, पुण्यात, तेही अर्धा तास. सगळा वेळ एक गुलाबाचं चित्र पडद्यावर वरून खाली उमटत होतं. पाकळ्या आल्या, देठ यायच्या आत वेळ संपला! पण माणूस भारावून गेला. कॉलेजात शिकवायचे भूगोल, आणि नगरच्या सावेडी भागातल्या फ्लॅटमध्ये बसून लिहून काढला तीन वर्षांचा इंटरनेटचा अभ्यासक्रम. फाईल इतकी जाड झाली, की त्यांची बायको हेलन तिच्यावर उभी राहून पंखा पुसायची!

विद्यापीठ हो म्हणालं, पण अट घातली. तीस जूनपर्यंत वीस प्रवेश, नाहीतर पदवी रद्द. आणि माहितीपत्रकात 'नोकरीच्या संधी' हे पान पाहिजेच.

इथं सर अडले. तीन दिवस पान कोरंच.

"अहो, लिहा की काहीतरी!" हेलनबाई म्हणाल्या.

"काय लिहू? या नोकऱ्या अजून जन्मल्याच नाहीत!"

"मग लिहा, घरबसल्या नोकरी. वायर घरात येते ना? नोकरीपण येईल!"

सरांना पटलं. ठळक अक्षरात छापलं.

अर्ज आले सव्वीस! पहिला भारतीचा. कोल्हारहून एसटीत उभ्यानं आली होती पोरगी. म्हणाली, "सर, मला हेच शिकायचंय. काय असतं ते ठाऊक न्हाई, पर शिकायचंय." सरांनी तिचं नाव यादीत सगळ्यात वर लिहिलं.

मग झाली गंमत. मुलींच्या बापांनी ते एकच पान झेरॉक्स करून लग्नाच्या बायोडेटाला जोडलं! मुलांच्या आयांचे डोळे लकाकले. सून घरात, पगार घरात, चपलासुद्धा झिजायच्या नाहीत! एका पोरीनं सकाळी अर्ज भरला, तर दुपारच्या जेवणाआधी तिची सुपारी फुटली. होणाऱ्या सासवा सांगायच्या, "पदवी काय, होईल पुढं!" एकेक नाव गळत गेलं. एकोणतीस जूनला राहिली नेमकी वीस.

आणि त्याच संध्याकाळी कोल्हारहून निरोप आला. उद्या भारतीचा साखरपुडा!

सकाळीच सरांनी स्कूटर दामटली. दारात भारतीचे वडील, रंगनाथ, हात जोडून उभे. "या सर, या! तुमच्या कागदानं पोरीचं सोनं केलं!"

"अहो, तिला आधी शिकू द्या."

"शिकंल की! नोकरी घरबसल्या, मग घर कोन्तं का असंना!"

पाण्याचा तांब्या घेऊन भारती आली. मान खाली. पुटपुटली, "सर, कायतरी सांगा ना. तुमचं ऐकत्याल."

तेवढ्यात नवऱ्या मुलाची आई साळूबाई पुढं सरकली. "सर, नोकरी लागतीच ना ही घरात?"

सरांना वाटलं, आता खरं बोललं तरच पोरगी सुटेल.

"नाही," ते म्हणाले. "अशी नोकरी अजून एकपण नाही. ते मी मनानंच लिहिलं. तिला तीन वर्षं शिकू द्या, मग बघू."

रंगनाथ पांढरेफटक पडले. साळूबाईनं पदर सावरला, विचार केला.

"म्हंजे पोरगी कामाला भाईर जानार न्हाई?"

"कामच नाही, तर जाणार कुठं!" सर बोलून गेले.

"मग झालं तर! पगाराचं ऱ्हाऊ द्या. आमाला घरात बसनारीच पायजे हुती!"

मांडवात हशा पिकला. कुंकू लागलं, साडी नेसवली, नारळानं ओटी भरली. भारती पेढे वाटत सरांपाशी आली. एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

"नोकरी न्हाई, तेच आदी छापायचं हुतं, सर," एवढंच म्हणाली, आणि पुढच्या पाहुण्याकडं वळली.

सरांनी पेढा तोंडात टाकला. राहुरी गेली, विळद गेलं, सावेडी आली, तरी तो घशाखाली उतरेना!

हेलनबाईंनी दारातच विचारलं, "काय हो, यादीत किती राहिले?"

तोंडात पेढा. सरांनी आधी दहा बोटं दाखवली. मग नऊ.