शिंगाड्याच्या तळ्यावर आलेल्या पांढऱ्या पडद्याची हकीकत

श्री शारदा प्रसन्न, आणि शारदेच्या नावाने ज्या समित्या नेमिल्या जातात त्याही प्रसन्न असोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्र मासापासून जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे. संवत्सर क्रोधी होते खरे, परंतु राज्यात क्रोध कोणास येत नव्हता, सारे चिंतनात होते. लिहिणारा दफ्तरातील कारकून, त्यास नाव विचारू नये.

त्या राज्यात एक थोर विद्यापीठ होते आणि त्यात एक नवे पीठ स्थापन जाहले होते, त्याच्या दारावर सुवर्णाक्षरी पाटी होती की चित्रपट, माध्यमे आणि पर्यावरणीय न्याय. पीठाचे मुख्य राजश्री निरंजनशास्त्री. मोठे पुरुष, डोळ्यांस चष्मा, खांद्यास शबनम. शास्त्रीबोवा आणि त्यांचे शिष्य थंड हवेच्या दालनात खिडक्या लावून बसत आणि पडद्यावर अरण्ये, नद्या, समुद्र पाहत, आणि मग वाद घालीत की चित्रातील झाड हे पात्र मानावे की पार्श्वभूमी. हा वाद तीन वर्षे चालला, आणि तेवढ्यात विद्यापीठाच्या अंगणातील चिंच वाहनतळासाठी तोडिली गेली, ते कोणाच्या ध्यानी आले नाही. आले असते तर त्यावरही एक परिसंवाद जाहला असता.

ते समयी राज्याच्या पूर्वेस मासे धरणाऱ्या ढीवरांचे एक गाव होते, गावास तळे होते, आणि तळ्यात शिंगाडा पिकत असे. तळ्याच्या वर भुजंगराव कारखानदारांची रंगशाळा होती. तेथे कापड रंगे आणि उरले पाणी नाल्यावाटे तळ्यात येई. तळे लाल जाहले, मासा उलथा जाहला, आणि शिंगाड्याचे वेल कुजले. फक्त वायव्येस एक कोपरा झऱ्याच्या पाण्याने निर्मळ राहिला होता, तेथे अनसाबाई ढीवरीण हिने बेणे राखिले होते. हे बेणे तिच्या सासूचे, सासूस तिच्या सासूचे. दाणा लहान, काटा नाही, आणि उकडिला तर दुधासारखा गोड. असे बेणे साऱ्या मुलुखात दुसरे नव्हते. आषाढात तळ्यात वेल लावावयाचे, त्याआधी नाला बंद व्हावा, एवढेच तिचे मागणे. ती दरबारी तीन वेळा गेली आणि तीन वेळा तीस सांगण्यात आले की विषय विचाराधीन आहे. चौथ्या वेळी परत येता तीस विद्यापीठाची पाटी दिसली. तिने वाटसरूकडून वाचवून घेतली, न्याय हा शब्द ऐकिला आणि ती सरळ आत शिरली.

शास्त्रीबोवांसमोर उभी राहून म्हणाली, "आमचं तळं मरून राह्यलं जी. न्याव इथंच भेटते ना?"

शास्त्रीबोवांस गहिवर आला. आजवर न्याय मागणारे माणूस त्यांनी पडद्यावरच पाहिले होते. त्यांनी तीस पाणी दिले, उच्चासन दिले, आणि तळ्याचा रंग नेमका कसा असे विचारिले. लाल असे ऐकोन शिष्यांनी एकमेकांकडे पाहिले, की लाल पडद्यावर फार उठून दिसतो. मग शास्त्रीबोवांनी वचन दिले की या तळ्याचा चित्रपट करू, तो हुजुरांस दाखवू, आणि चित्र पाहोन हुजुरांचे मन द्रवल्यावाचून राहणार नाही. अनसाबाईने वचनावर विश्वास ठेविला. आम्हीही ठेविला असता.

वैशाखात पंडितांनी कूच केले. बरोबर सहा कॅमेरे, दोन ड्रोन, छत्र्या, खुर्च्या, आणि बाटलीतील पाणी दोनशे खोकी, कारण तळ्याचे पाणी पिण्याजोगे नाही हे त्यांनी आपल्या प्रस्तावात स्वतःच सिद्ध केले होते. रिकाम्या बाटल्या नाल्यात गेल्या आणि मग नाल्याचेही चित्रण जाहले, त्यात बाटल्या उत्तम आल्या. बायांस शिकविण्यात आले की दुःख सांगताना कॅमेऱ्याकडे पाहू नये आणि मध्येच हसू नये. गावात झिबलाजी म्हणून वृद्ध ढीवर होते, त्यांस एकच वाक्य सात वेळा बोलविले, की मासा गेला. सातव्या वेळी त्यांनी विचारिले की मासा गेला हे पहिल्या वेळी समजले नाही काय. ते वाक्य पुढे कापिले.

ज्येष्ठ लागला तेव्हा गावाने मसलत केली की चित्र होईल तेव्हा होईल, लावणी जवळ आली. मग एका सकाळी सारा गाव उतरला आणि दगडमातीने नाला बांधून काढिला. माध्यान्हीस पंडित येऊन पाहतात तो नाला कोरडा. शास्त्रीबोवा मटकन खाली बसले. म्हणो लागले की निम्मे चित्रण लाल वाहत्या पाण्याचे जाहले आहे, निम्मे बाकी आहे, आता धार तुटली तर प्रेक्षकास धक्का बसेल. तेव्हा बांध दोन दिवस फोडावा, चित्रण उरकावे आणि पुन्हा बांधावा. अन्याय दिसलाच नाही तर न्याय कशाचा मागावा, असेही म्हणाले, आणि शिष्यांनी ते वाक्य टिपून घेतले.

अनसाबाई म्हणाली, "तुंबलेलं पानी कोपऱ्यात शिरन, दोन दिसात बेनं मरते, सायेब."

शास्त्रीबोवा म्हणाले की बाई, आपण एका कोपऱ्याचा विचार करता, मी साऱ्या पृथ्वीचा करितो. पाहुणा माणूस, वचन दिलेला, हुजुरांपर्यंत पोहोचणारा. गाव भिडेस पडला आणि बांध फोडिला. परंतु आकाशी ढग होते, हवा तसा उजेड पडेना, सबब दोन दिवसांचे आठ दिवस जाहले. तुंबलेले पाणी एकदम सुटले होते, ते झऱ्याच्या कोपऱ्यात शिरले. नवव्या दिवशी अनसाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून वेल उचलू लागली, तो वेल हातात चिखल होऊन आला. ती रडली नाही. एक शिष्य कॅमेरा घेऊन धावला, तेव्हा तिने पाठ फिरविली. त्या पाठीचे चित्रण फार नावाजले गेले. लिहिणाऱ्यास येथे लेखणी खाली ठेवावी वाटली, परंतु कारकुनास ती मुभा नाही.

मग पावसाळ्यात चित्रपट दरबारी दाखविण्यात आला. हुजूर गहिवरले, प्रधान गहिवरले, आणि सर्वांहून अधिक भुजंगराव गहिवरले. त्यांनी रुमाल काढिला, तो त्यांच्याच रंगशाळेचा, लाल. उठोन म्हणाले की इतके सुंदर लाल आम्हांसही साधत नाही. शास्त्रीबोवांस शाल मिळाली, पीठास भुजंगरावांचे नाव मिळाले, आणि ठराव जाहला की तळ्याविषयी जागृती व्हावी. नाला बंद करण्याविषयी ठरावात काही नव्हते, कारण तो विषय विचाराधीन होता. इकडे गावाने दोन वेळा बांध घातला, आणि दोन्ही वेळा माती वाहून गेली.

कार्तिकात जागृतीचा मुहूर्त निघाला. पंडित पुन्हा तळ्यावर आले आणि बरोबर पडदा आणिला, तीस हात लांब, वीस हात उंच, पांढरा, जाड, पाण्याचा थेंब पार न होणारा. दिवेलागणीस गाव समोर बसला आणि आपलेच तळे पाहो लागला. बांध फुटण्याआधीचा झऱ्याचा कोपरा पडद्यावर आला, त्यात वेल हिरवेगार, पाने उन्हात चकाकत. सारे मिळून अकरा पळे. अनसाबाई उठली, पुढे गेली आणि तिने पडद्यास हात लाविला. शास्त्रीबोवा शिष्याच्या कानी म्हणाले की पाहा, चित्राची शक्ती. परंतु ती पडद्याची कड दोन बोटांत धरून कापड चाचपीत होती.

चित्र संपल्यावर तिजला विचारिले की बाई, काय वाटले. ती म्हणाली, "चित्र बेस हाय जी. पन हा पडदा ठेवून जा."

शास्त्रीबोवांस वाटले की या भोळ्या जनांस हे चित्र पुन्हा पुन्हा पाहावयाचे आहे. पडदा गावास अर्पण केला आणि कूच केले. दुसरे दिवशी सकाळी बायांनी पडदा फाडिला, दाभणाने लांब पिशव्या शिविल्या, मुरूम भरिला आणि नाला बांधिला. हा बांध टिकला. पाणी मागे फिरले, रंगशाळेच्या अंगणात चढले, आणि तिसरे दिवशी भुजंगराव आपल्या कचेरीत लाल पाण्यात खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. दरबारास पर्यावरण प्रथमच पायास लागले. पंधरा दिवसांत रंगशाळेत पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसले. जो विषय वर्षभर विचाराधीन होता त्यास एवढाच विचार लागत होता.

शास्त्रीबोवांनी त्यावर प्रबंध लिहिला, की एका चित्रपटाने तळे कसे वाचविले. त्यात पडद्याचे माप दिलेले नाही.

एवंच सारांश. पुढील आषाढात गावाने दूरच्या सोयऱ्यांकडून बेणे आणून तळ्यात लाविले. वेल चांगले आले, दाणा मोठा आहे, काटा आहे, गोडी बेताची. अनसाबाईच्या सासूचे बेणे मुलुखात कोठे उरले नाही, अकरा पळांच्या चित्रात तेवढे आहे. ते चित्र देशोदेशी फिरते आणि लोक हळहळतात. तळ्यावर ते पाहावयास पडदा नाही, तो बांधात आहे. गावास तो काढून नको आहे.