नजरेचं माप

डॉक्टर दातांचे. कवळीतला अर्ध्या मिलिमीटरचा फरक नुसत्या नजरेनं पकडणारे! मग बायकोसाठी गोल्फच्या काठ्या घ्यायला टेप कशाला हवी?

"बावीस वर्षं बघतोय हिला! माझ्या कानापर्यंत येते," त्यांनी दुकानदारबाईंना फोनवर ठणकावून सांगितलं. "बायकांचा सेट पाठवा. आखूड, हलका, दांडा जरा लवचिक."

अकरा वर्षांच्या मनधरणीनंतर बायको रविवारच्या जोडीच्या सामन्याला कशीबशी तयार झाली होती. आता ती मागे फिरली असती, तर डॉक्टर पुन्हा एकटेच मैदानावरच्या तळ्यात चेंडू बुडवायला मोकळे!

सेट आला. जांभळ्या मुठींचा, देखणा. बायकोनं दहा फटके मारले आणि कंबर धरून खाली बसली.

"अहो, मी खेळतेय की फरशी पुसतेय?"

"एवढी वाकतेस कशाला?"

"काठी जमिनीला टेकायला नको? राहू द्या. रविवारी तुम्हीच जा."

डॉक्टरांनी तिला गाडीत बसवून तडक दुकान गाठलं.

"बाई, काठ्या चुकीच्या दिल्यात तुम्ही!"

बाईंनी शांतपणे टेप काढली. "दोघंही चपला-बूट काढा. मनगटापासून जमिनीपर्यंत मोजते."

डॉक्टर जाड तळाच्या बुटांतून उतरले आणि चांगले तीन बोटं खाली आले. बाईंनी आधी बायकोला मोजलं, मग डॉक्टरांना, मग पुन्हा डॉक्टरांना.

"ताई, तुम्हाला सरांचा जुना सेट चालेल. आणि हा जांभळा... सर, तुम्हालाच अगदी नेमका बसतो."

"शक्यच नाही! आमचा लग्नातला फोटो बघा!"

"त्यात मी खालच्या पायरीवर उभी आहे," बायको हळूच म्हणाली. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून. चपलाही तेव्हापासून सपाटच घालते."

बावीस वर्षं! डॉक्टरांना रागवायचं होतं. पण ते नुसतेच खोकले.

रविवारी तळ्याला एकही चेंडू मिळाला नाही. जांभळ्या मुठींकडे कुणी पाहिलंच, तर डॉक्टर म्हणत, "बायकोचा सेट आहे. जरा रुळवून देतोय." आणि बायकोचे फटके? डॉक्टर टाळ्या वाजवून दमले! जोडी चक्क तिसरी आली.

फोटोसाठी सगळे पायऱ्यांवर जमले. बायको सवयीनं एक पायरी खाली उतरली.

"अगं, आता कसली लपवाछपवी? ये, माझ्या शेजारी ताठ उभी राहा!" डॉक्टर म्हणाले.

ती वर आली, ताठ उभी राहिली. आणि फोटोवाला "हसा" म्हणेपर्यंत डॉक्टर गुपचूप एक पायरी वर सरकले होते.