वारुळाची कातडी

एका जंगलात, बाळांनो, वाळवीचं एक वारूळ होतं. त्याच्या भिंतीला सगळे कातडी म्हणत. ती लिंपायचं काम ठकूताईचं. महिन्याला एक नवा थर चढवायचा, जुना झाडून टाकायचा. आपल्या गुळगुळीत कातडीचा तिला भारी अभिमान होता.

एकदा काळ्या मुंग्या येणार अशी आवई उठली. टिपणीसबुवांनी लगेच शत्रूचं वर्णन लिहून काढलं: पाय सहा, मिशा दोन, वावर भिंतीजवळ. असा कोणी दिसला की बुवा त्याच्या पाठीवर चुन्याचा ठिपका देणार आणि शिपाई त्याला चावणार.

पहिला ठिपका पडला ठकूताईच्या पाठीवर.

"अहो, मी घरचीच!"

"पाय मोजा," बुवा म्हणाले.

हवालदार दांडग्याने मोजले. "सहा भरले, बुवा!" स्वतःचे मोजायला त्याला सवड नव्हती. तो कचकन चावला. बाळांनो, हसू नका. बुवांना हसलेलं चालत नाही.

ठकूताईने बोंब ठोकली. आता वारुळाचा नियम असा, की भिंतीजवळ बोंब झाली म्हणजे शत्रू आत शिरला. शिपायांनी धावून यायचं, लिंपणाऱ्यांनी भराभर लिंपायचं. शिपाई धावले. दिसेल त्याला चावले. त्यामुळे आणखी बोंब झाली, आणखी शिपाई आले. महिन्याचा थर चार दिवसांत चढू लागला. कच्चा थर टिकतोय कसला! ओल्या तांबड्या मातीने कातडी लालबुंद झाली आणि तिच्या खपल्या गळू लागल्या.

"बघा, शत्रू पोखरतोय!" हवालदार गरजला.

"चावणं थांबवा हो," ठकूताई रडकुंडीला आली. "माझी कातडी चालली!"

"शत्रू असंच बोलणार," म्हणत बुवांनी तिला दुसरा ठिपका दिला.

मग एके दिवशी काळ्या मुंग्या खरोखरच आल्या. त्यांची म्होरकी खपली पडलेल्या भोकातून आत डोकावली. आत सगळे एकमेकांना चावत होते.

"चला गं परत," ती म्हणाली. "इथे आपल्याला कामच उरलं नाही."

मुंग्या गेल्या. वारुळात जल्लोष झाला. टिपणीसबुवांना पगडी मिळाली. ठकूताई आशेने पुढे झाली.

"आता तरी ठिपके पुसा की, बुवा."

"पुसतो कसा? याच ठिपक्यांना घाबरून मुंग्या पळाल्या!"

आणि हवालदार पुन्हा चावला.

तात्पर्य: पहारा इतका कडक ठेवावा, की शत्रूला काही करायची गरजच पडू नये.