विहिरीवरचे व्याख्यान

पाऊस बेभरवशाचा असतो. प्रशिक्षण मात्र ठरल्या तारखेला होते. म्हणून कोरडवाहू मुलखातले सुज्ञ गाव पावसाऐवजी प्रशिक्षणावर जगते. हे गाव असेच सुज्ञ होते. पाणी व अन्न सुरक्षा कार्यक्रमाच्या 'तहानलेली गावे' या यादीत ते सलग नऊ वर्षे टिकून होते. त्या काळात तिथे पाणी वाढले नसले तरी पाण्याविषयीचे ज्ञान उदंड साठले होते. (ज्ञान जमिनीत मुरत नाही, हा त्याचा मोठा गुण.)

अन्नसुरक्षेचे तर विचारूच नका. प्रशिक्षणाच्या दिवशी दोनदा चहा, एकदा जेवण आणि माणशी पाण्याची एक सीलबंद बाटली. 'पौष्टिक आहार' या विषयाला हजेरी शंभर टक्के, 'मृदसंधारणा'ला शंभर टक्के. 'श्रमदान' या एकाच सत्राला ती शून्य असे, कारण त्या दिवशी नेमके सगळ्यांच्या घरी पाहुणे येत.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे मांडववाला. खुर्च्या त्याच्या, ताडपत्री त्याची, माइक त्याचा. त्याचे सारे घर या खुर्च्यांवर बसून होते. शेतात टाकलेले बी परत येईलच असे नाही, पण मांडलेल्या खुर्च्या संध्याकाळी परत येतात, या हिशेबाने त्याने शेती कधीच सुनेकडे सोपवली होती.

असा सुखाचा संसार चालू असताना त्याच्या घरात एक दुर्घटना घडली. सुनेने प्रशिक्षण ऐकले.

तसे सगळेच ऐकत. पण ही बाई ऐकून घरी गेली आणि तसे करू लागली. दोन वर्षे ती घरामागचा उतार खणत होती. ("माहेरची आठवण येत असेल," असे सासूचे मत पडले.) परिणाम व्हायचा तो झाला. ऐन कोरड्या दिवसांत मांडववाल्याच्या विहिरीला पुरुषभर पाणी राहिले.

गावप्रमुख विहिरीत वाकून बघून आला, तो मयताला जाऊन आल्यासारखा.

"दादा, हे काय करून ठेवलंय तुमच्या सुनेनं?"

"मला काय ठाऊक? मी आपला खुर्च्यांत."

"परवा तज्ज्ञसाहेब यायचेत. व्याख्यानही देतील आणि यादीही तपासतील. पाणी दिसलं की गावाचं नाव गेलं. नाव गेलं की प्रशिक्षण गेलं. मग गाव खाणार काय? तुमच्या सुनेचा घेवडा?"

उपाय सोपा निघाला. व्याख्यानाचा मंच विहिरीवरच उभारायचा, म्हणजे साहेब गावात असेतो पाणी त्यांच्या पायाखाली राहील. आणि पायाखाली बघायची तज्ज्ञांना सवय नसते.

सून फळ्या बसताना बघत उभी होती.

"मामंजी, घेवडा फुलावर आलाय. आत्ता पाणी तुटलं तर सगळी फुलं गळतील."

"अगं, तीनच दिवसांचा प्रश्न आहे."

"फुलांचाही तेवढ्याचाच आहे."

मांडववाल्याने शेवटची फळी नट-बोल्टने घट्ट आवळली.

पहिल्या दिवशी साहेब पाणीटंचाईवर तीन तास बोलले. आवाजाला विलक्षण खोली होती. (मांडववाल्याने श्रेय नव्या स्पीकरला दिले.) "या भूमीच्या पोटात थेंब उरलेला नाही," असे म्हणून त्यांनी पाय आपटला, तेव्हा खालून घुमून रुकार आला.

दुसऱ्या दिवशी बाटल्यांचा टेम्पो वाटेत बंद पडला. दुपारपर्यंत साहेबांचा घसा बसला. खोकला आला, शब्द येईनात. गावप्रमुखाने घरोघर माणूस धाडला. घराघरांतून एकच निरोप आला: साहेबांनीच पाणी जपून वापरायला सांगितले आहे. मांडवाच्या कडेला घेवड्याची पाने ओल्या फडक्यासारखी लोंबत होती.

तेवढ्यात सून बादली घेऊन मंचावर चढली.

"साहेब, जरा पाय उचला."

साहेबांनी उचलले. तिने सतरंजी गुंडाळली आणि फळी ओढून पाहिली. फळी हलेना. सासऱ्याचे काम चोख होते. तिने वर बघितले. साऱ्या मांडवात ती एकाच माणसाकडे बघत होती.

गावप्रमुखाने मांडववाल्याला डोळ्यांनी दरडावले. मांडववाल्याने खुर्च्यांच्या रांगांवरून एकदा नजर फिरवली, वारसाने विकल्या शेताकडे बघावे तशी. मग खिशातून पाना काढला आणि मंचावर गेला.

बादली खाली गेली आणि भरून वर आली. साहेब ओंजळीने प्याले.

"या दिवसांत विहिरीला एवढं पाणी! हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्हीच. दोन वर्षांमागं, याच माइकवर."

साहेब मटकन खुर्चीत बसले.

"म्हणजे... होतं तसं?" त्यांनी हळूच विचारले.

मग त्यांच्या आग्रहावरून सून माइकवर बोलली. "खणायला विहिरीपाशी लागू नका, पार वरून, उताराच्या माथ्यापासून लागा. चर उताराला आडवा आणि समपातळीत घ्या, नाहीतर पाणी एका टोकाला पळतं. निघालेली माती खालच्या अंगाला टाकून तिच्यावर गवत लावा. पीक काढलं की धाटं जाळू नका, रानातच पसरा." इतके बोलून ती बादली घेऊन घेवड्याकडे गेली.

साहेबांनी यादी काढली आणि गणित मांडले. तीनशे घरांत एक विहीर म्हणजे एक टक्काही नव्हे, आणि कार्यक्रमात अपूर्णांक धरत नाहीत. गाव यादीत राहिले. शिवाय या विहिरीच्या अभ्यासासाठी आणखी पाच वर्षे प्रशिक्षण मंजूर झाले. टाळ्या थांबेनात. गावप्रमुखाने डोळे पुसले.

दुसरी बादली उपसून निघालेला मांडववाला माइकपाशी थांबला. "उद्या सकाळी वरच्या उतारावर खणायला कोण कोण येतंय?"

खुर्च्या करकरल्या. मागच्या रांगेतून एकाने गंभीरपणे विचारले, "जेवण आधी का नंतर?"

"नंतर," मांडववाला म्हणाला, आणि मांडव रिकामा झाला.

या लोकांना हसण्याचा आपला अधिकार मान्य आहे. फक्त हसण्यापूर्वी, वर न बघता, एवढे सांगावे: निघालेली माती चराच्या कोणत्या अंगाला टाकायची?

जेवण नंतर होते, हे मात्र आपल्या बरोबर लक्षात आहे.