शेळके सरांचा लॉग

शेळके सरांची बायको जिन्यावरून घसरून पडली, तेव्हा सर धावत आले, वाकले आणि म्हणाले, "पडायच्या आधी शेवटचं काय काय झालं, ते क्रमानं सांग."

कुसुमवहिनी म्हणाल्या, "आधी उठवा तर."

"उठवलं की पुरावा जातो."

मी पुंडलिकनगरात त्यांच्या समोरच्याच घरात राहते, माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे हे. सर आयटीआयमधे रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती शिकवायचे. रिटायर झाले, पण वर्ग काही सुटला नाही, आता विद्यार्थी आम्ही. त्यात लेकीनं, मेघानं, त्यांच्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स घालून दिलं. त्यात म्हणे मशीन आपण काय केलं, कुठं अडलं, ते सगळं लिहून ठेवतं. त्याला लॉग म्हणतात. झालं. तेव्हापासून सरांना सगळ्यांचाच लॉग पाहिजे. माझ्या कुकरची शिट्टी होईना, तर दारातूनच विचारलं, "आक्का, लॉग काय म्हणतो?"

मी म्हणलं, "डाळ कच्ची आहे म्हणतो."

ह्याच शब्दापायी पोरगी गेली त्यांची. मेघा पुण्याहून आली, बाबा, मी लग्न ठरवलंय म्हणाली. सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मुलाचा लॉग काय म्हणतो?" ती नाही हसली. बॅग उचलली, रजिस्टर लग्न केलं. सर गेले नाहीत. त्या दिवशी घरात बसून त्यांनी चांगला चालता पंखा उघडला. तो अजून कुरकुरतो.

तेव्हापासून दर रविवारी दहाला मेघा आईला व्हिडिओवर भेटते. वहिनींची नजर अधू, मोबाइलवर लेकीचं तोंड दिसत नाही, म्हणून लॅपटॉप. आणि त्याच्या पोटातलं वायफायचं कार्ड नेमकं रविवारीच झोपतं. झोपणारच. दर शनिवारी हा गृहस्थ लिनक्सचं अपडेट करतो. एखाद्या शनिवारी नाही केलं तर काय अंगावर पित्त उठतं का?

"आक्का, प्रत्येक कार्डाचं कॅलिब्रेशन कारखान्यात वेगळं करतात," सर मला समजावतात. "अपडेट झालं की कार्ड चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, म्हणतो, ते आकडेच सापडत नाहीत."

मी जन्मभर ब्लाऊज शिवले. म्हणलं, "म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाचा कागद हरवला."

"व्हय."

"मग दुसरीचं माप घाला."

"घातलं. सिग्नल दारापर्यंतसुद्धा जाईना."

"काखेत काचणारच की."

मग मेघाचा मोबाइलवर फोन येतो. ती कमांड सांगते, सर एका बोटानं टाइप करतात. असा तास जातो आणि वहिनींच्या वाट्याला लेक येते पाच मिनिटं. मला लई राग यायचा. शेवटी आमच्या इथल्या कॅनॉट मार्केटमधून मीच एक बाहेरून लावायचं वायफायचं डोंगल आणलं. नखाएवढं. लिनक्सला चालतं का, हे दोनदा विचारून आणलं. रविवारी सरांच्या देखत लॅपटॉपला खुपसलं.

मेघा लगेच दिसली, अगदी लख्ख. मायलेकी तासभर बोलल्या. मेथीचे लाडू, सासूचा गुडघा, सगळं. सर बाजूच्या खुर्चीवर कमांडांची वही मांडीवर घेऊन बसलेले. दोनदा खाकरले. मेघा म्हणाली, "आज नेट नाही गेलं?"

"आक्कांनी काहीतरी आणलंय गं," वहिनी म्हणाल्या.

"बरं झालं. ठेवते आई."

पडदा काळा झाला. जरा वेळानं सरांनी विचारलं, "तब्येत कशी दिसली तिची?"

"इथंच तर होता तुम्ही."

"माझ्या कोनातून दिसत नव्हतं."

मी माझ्या शहाणपणावर खूश होऊन घरी गेले.

पुढच्या रविवारी वाटी परत द्यायला गेले, तर वहिनी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेल्या. दहा कधीच वाजून गेले होते. माझं डोंगल मसाल्याच्या डब्याशेजारी पडलेलं.

मी म्हणलं, "त्यांनी काढलं व्हय?"

"मी काढलं," वहिनी हळूच म्हणाल्या. "आठवडाभर धड जेवले नाहीत हो. पहिला तास त्यांचाच राहू द्या."

आतल्या खोलीत मोबाइल स्पीकरवर होता. मेघा म्हणत होती, "हां बाबा, लॉग काय म्हणतो?"

सर वाचायला लागले. एकेक ओळ, सावकाश, एकही न गाळता.