मौनव्रत आणि तडितराजची विहीर

माझ्याइतकी गप्प बसणारी बाई वसईच्या अख्ख्या एव्हरशाईन सिटीत सापडायची नाही, हे मी स्वतः सांगते! एरवीसुद्धा माझा आवाज इतका हळू की भाजीवाली दोनदा विचारते, "काय म्हनालीस, ताई?" त्यामुळे सोळा सोमवारांना जोडून सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत मौनही पाळायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं, यात कठीण ते काय? हे म्हणजे माशाला पोहण्याचं व्रत दिल्यासारखं!

व्रताला कारण होतं. आमच्या हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात ह्यांची ट्रंक होती आणि तिच्यात होती कॉमिक्स! वसईतल्या कारखान्यात सुपरवायझर असलेला, टक्कल पडलेला गृहस्थ, आणि ट्रंकेत काय, तर उडणारे, बुडणारे, भिंतीतून आरपार जाणारे वीर! आणि माझे देव कुठे? फ्रिजवर! फ्रिज सुरू झाला की थरथरायचा आणि बाळकृष्ण खरोखरच रांगत रांगत कडेपर्यंत यायचा.

श्रावण लागला तसं मी म्हटलं, "अहो, त्या कोपऱ्यात देवघर हवं."

हे हसले. "सोळा सोमवार, दिवा लागेपर्यंत एक अक्षर न बोलता काढ. ट्रंक प्लासिडला देऊन टाकतो. महादेवाशप्पथ!"

"आणि लिहून सांगितलं तर?"

"लिहिणं म्हणजे बोलणंच. हातवारे चालतील. चहाचं विचारायला लागतील ना!"

प्लासिड हा ह्यांचा भुईगावचा मित्र. केळीची बाग आहे, दोन विहिरी आहेत, पण जीव सगळा कॉमिक्समध्ये. ह्यांची सुट्टी सोमवारची, म्हणून तो दर सोमवारी दुपारी स्कूटरवर यायचा आणि दोघं ट्रंक उघडून भांडत बसायचे. कुठल्या वीराचा बाप कोण, कोण कधी मेला, मेला तर परत आलाच कसा! मी गप्प, त्यामुळे त्यांना तर रानच मोकळं!

पण तोंड बंद झालं की कान उघडतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन-चार सोमवारांत मला सगळ्या वीरांची कुळं पाठ झाली. मग शत्रूची माहिती असावी, एवढ्याच हेतूनं मी एक कॉमिक मनातल्या मनात वाचलं. मग दुसरं. मी पोथी वाचणारी बाई! फलश्रुतीची शेवटची ओळ वाचल्याशिवाय पोथी मिटली तर फळ मिळत नाही, असं आईनं शिकवलेलं. तीच सवय इथेही लागली. ट्रंक तळापर्यंत वाचून झाली, तीही शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीसकट!

बघता बघता सोळावा सोमवार आला. चुरम्याचा नैवेद्य तयार, निरांजनात वात घातलेली, सूर्य मावळायचीच काय ती वाट! मला मौन, म्हणून कथा वाचायला शेजारची शकू आली होती. प्लासिड तर ट्रंक न्यायला टेम्पो घेऊनच आला. बरोबर त्याची बायको फ्लॉसी, पण तिचा चेहरा मिठात पडलेल्या कैरीसारखा.

"मीरा, तुझ्या घरातला कचरा जाणार आन माज्या घरात येणार," ती मला म्हणाली. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

आणि नेमका त्याच दिवशी जोडअंक आला! जोडअंक म्हणजे दोन वेगवेगळ्या कॉमिक्समधले वीर एकाच अंकात. हवेतली वीज मुठीत धरणारा तडितराज आणि समुद्राच्या तळाशी राहणारा दर्यानाथ! दोघा मित्रांनी अंक मध्ये धरला, एक पान ह्यांच्या मांडीवर, एक प्लासिडच्या. आणि लगेच ठिणगी उडाली.

"हा काय चावटपणा?" हे ओरडले. "तडितराज दर्यानाथला विचारतो, 'तू कोण?' अरे, विहिरीच्या अंकात ह्याच दर्यानाथनं त्याला बुडताना वर काढलाय! आणि आता ओळखत नाही?"

"विहिरीतला खरा तडितराज नव्हताच, विलास. तो डुप्लिकेट होता."

"डुप्लिकेट नंतर आला! आधी विहीर, मग डुप्लिकेट!"

"मग लिहिणारा विसरला असेल."

"लिहिणारा विसरेल, पण तडितराज कसा विसरेल? जीव वाचवलाय त्याचा!"

मला उत्तर माहीत होतं! ओठांशी येऊन उभं होतं, उतू जाणाऱ्या दुधासारखं! मी "ॐ नमः शिवाय" मनात सुरू केलं. पण मध्येच "डुप्लिकेट" ऐकू यायचं आणि माझा जप घसरायचा!

अगदीच राहवेना. हातवारे चालतील, असं ठरलं होतंच. मी पुढे झाले आणि दोन्ही हातांनी मोठा गोल काढला. विहीर!

"नारळ!" शकू म्हणाली. "ताईंना नारळ फोडायचाय!" आणि धावत स्वयंपाकघरात गेली.

मी मान हलवून नाही म्हटलं आणि हनुवटीखाली लांब दाढी ओढून दाखवली. ऋषी!

"आमचे नाना!" ह्यांनी भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोला हात जोडले. "अगं, आज नानांची आठवण आली का तुला?"

"फादरांना बोलवायचं का?" प्लासिड म्हणाला. "आमच्या फादरांना दाढी हाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. तोही त्यांना खुणेतलाच वाटला!

"डोकं दुखतंय तिचं," हे म्हणाले.

आता शाप दाखवायचा होता. मी ओंजळीत पाणी घेतलं, ओठ नुसतेच हलवले, आणि प्लासिडच्या अंगावर सपकन शिंपडलं. तो टुणकन उठला. "वहिनींच्या अंगात आलंय!" शकू नारळ घेऊन आली ती दारातच आडवी झाली, म्हणजे नमस्कार घालायला. नारळ गडगडत फ्रिजवर आदळला आणि बाळकृष्ण थेट ह्यांच्या टकलावर!

"देवी, काय चुकलं असेल तर सांग!" शकू जमिनीवरून म्हणाली.

"हां, सांग!" फ्लॉसी एकदम पुढे आली. तिचे डोळे चमकत होते. "बोल मीरा! पोटात ठेवू नको, बाधतं!"

"फ्लॉसी, गप!" प्लासिड कळवळला. "वहिनी, काय पण बोलू नका! थोडाच वेळ ऱ्हायला! तो बघा, सूर्य गेलाच!"

खरंच, गच्च्यांवरच्या टाक्यांमागे सूर्याची फक्त कड उरली होती. मी ओठ दाताखाली धरले. जिंकले! कोपरा माझा!

तेवढ्यात ह्यांनी टक्कल चोळत जोडअंक उचलला आणि सुस्कारा टाकला. "जाऊ दे, प्लासिड. तुझंच खरं. विहिरीतला डुप्लिकेटच."

"अहो, शाप आहे त्याला, शाप!"

कोण ओरडलं, म्हणून मीच मागे वळून बघितलं! पण थांबते कुठे? "विहिरीत तप करणाऱ्या ऋषींच्या डोक्यावर पडला ना तो! ते म्हणाले, 'जो तुला वर काढेल, त्यालाच तू विसरशील!' शेवटच्या पानावर, खाली, बारीक अक्षरात! तुम्ही दोघं बक्षिसाचं कुपन कापता आणि ते पान वाचतच नाही! आणि डुप्लिकेट कसला? डुप्लिकेटच्या गालावर तीळ आहे!"

माझा आवाज असा लागला, की खालच्या मजल्यावरचा कुकर शिट्टी द्यायचा थांबला!

ह्यांनी ट्रंकेतून विहिरीचा अंक काढला. शेवटचं पान. कुपनच्या जागी भोक, आणि भोकाच्या वर शाप. दोघं माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच तो दिला होता.

"ताई," शकू उठून बसत म्हणाली, "दिवा लागायचाय अजून."

फ्लॉसीनं छातीवर क्रूस काढला. "थँक यू, संत अंतोन!" ती म्हणाली. "काय बघतेस गो? ही ट्रंक भुईगावला येऊ नये म्हनून नोव्हेना केली मी, नऊ दिवस प्रार्थना! तू सोळा सोमवार करनार, मग आमी काय हात बांधून बसायचं?"

टेम्पो रिकामाच गेला. फ्लॉसीनं मात्र जाताना चुरमा दोनदा मागून घेतला.

मोडलेलं व्रत पुन्हा पहिल्यापासून धरावं लागतं. पुढच्याच सोमवारी मी धरलं. हे बिचारे वरमून म्हणाले, "अगं, तो कोपरा तुला तसाच देऊन टाकू का? एवढी जिद्द बघवत नाही."

मी मौनात होते. मानेनंच नाही म्हटलं. बायकोची केवढी ही निष्ठा, म्हणून ह्यांचे डोळे भरून आले.

आता तुम्हाला म्हणून सांगते. जोडअंकाच्या शेवटी दर्यानाथ पोलादी पेटीत अडकलाय, किल्ली शत्रूच्या पोटात आहे, आणि पुढचा भाग कधी येणार ते छापलेलंच नाही. हे सोळा सोमवार त्यासाठी आहेत. देवघराचं काय, ते होईल सावकाश!